ग्लासमेनचं धुणं

संघ दोन हंगाम टिकला. नेमकं सांगायचं तर
सव्वीस सोमवार.
मी सोमवारच मोजते, कारण रविवारी ते खेळायचे
आणि सोमवारी उजाडायच्या आत एमिल हाल्डरमनची शववाहिका
आमच्या मागच्या दाराशी उलटी येऊन थांबायची.
आत अठ्ठावीस जर्सी, अठ्ठावीस विजारी, चिखल,
कधी एखादा दात.

हाल्डरमन मालक. टेनबरीतलं प्रत्येक मढं त्याच्याच हातून जायचं,
तेव्हा गाडी होतीच.
त्याला म्हणे मेलेल्यांचा कंटाळा आला होता.
युद्ध संपलं होतं, पोरं परतली होती,
त्याला ती धावताना बघायची होती.
खेळाचे तीस डॉलर, हरले तर वीस.
बहुतेक वीसच.

ओहायो नदीच्या त्या वळणावर काच सोडून काही नव्हतं.
बरण्या, औषधाच्या बाटल्या, कंदिलाच्या चिमण्या.
म्हणून नाव ग्लासमेन.
आई म्हणाली, काचेची माणसं, आणि खेळ हा असला.
एवढंच म्हणाली, आणि साबण किसायला बसली.

गडद लाल रंग पहिल्याच धुण्यात सुटला.
तिनं मीठ घातलं, व्हिनेगर घातलं, देवाचं नाव घेतलं.
दुसऱ्या सामन्याला आमचे वीर गुलाबी होऊन उतरले,
पाहुण्या गावच्या लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं,
आणि त्या दिवशी ते जिंकले.
का, कोण जाणे.
हाल्डरमननं नव्या जर्सींचा विषय पुन्हा काढला नाही.

रविवारी त्यांना धोबीपछाड मिळायची
आणि सोमवारी त्यांच्या कपड्यांना.
मी सामना एकही पाहिला नाही,
पण कोण कसा खेळला ते मला दोरीवर वाचता यायचं.
तेवीस नंबर, काझिमिर वोयनार, भट्टीवरचा,
डाव्या खांद्याला कायम उसवलेला.
नऊ नंबर कोरा करकरीत, बँकेतला पोरगा, बाकावर बसून असायचा;
आई त्याचीही तितक्याच जोरानं घासायची,
दर तोच, म्हणायची.
एकतीस नंबर लिओटिस बॅरो.
त्याच्या पाठीवर चिखलाचे दोन थर.
वरचा थर शिट्टी वाजल्यानंतरचा,
असं आई म्हणायची, आणि पाणी बदलायची.

व्हीलर्टनच्या हॉटेलनं बॅरोला आत घेतलं नाही.
तो शववाहिकेत झोपला, त्याच्या शेजारी वोयनार,
आणि आघाडीच्या फळीतले दोघं.
बाकीचे हॉटेलात.
हे सांगितलं पाहिजे. बाकीचे हॉटेलात.

दुसऱ्या डिसेंबरात नदी गोठली,
शेवटच्या सामन्याला माणसं आली दोनशे अकरा,
त्यातली काही चुकून, शेजारच्या चर्चला निघालेली.
लीगनं गाशा गुंडाळला. हाल्डरमननं हात वर केले
आणि पुन्हा मेलेल्यांकडे गेला; ते निदान उधारी ठेवत नाहीत.
वाचनालयातल्या जुन्या अंकात एक ओळ सापडते:
चार विजय, एकवीस पराभव, एक बरोबरी.
आईच्या वहीत दुसरी: अकरा आठवडे, सहासष्ट डॉलर, येणे.

पैशांऐवजी जर्सी राहिल्या आमच्याकडे.
नऊ नंबरनं खिडक्या पुसल्या, छान पुसायचा.
काहींची गोधडी झाली, काही शेजारच्या बाळाला.

मार्चमध्ये बॅरो आला, हातात टोपी,
क्लीव्हलँडला निघाला होता, पोलादाच्या कारखान्यात.
माझी तेवढी मिळेल का, म्हणाला, विकत.
आई गप्प झाली.
एकतीसचा माझ्यासाठी अभ्रा शिवला होता तिनं,
मी त्यावरच झोपायचे.
तिनं पेटी उपसली आणि तेवीस नंबर काढला,
खांद्यापाशी तिच्याच टाक्यांनी शिवलेला.
त्यानं तो उजेडात धरला.
वोयनारचा, म्हणाला.
मग इस्त्रीच्या घडीवरच घडी घातली,
आणि डॉलर टेबलावर ठेवला.
आईनं वही उघडली, एक वजा केला.