जिथे गुलमोहर होता तिथून

आमच्या मानाग्वात घरांना नंबर नसत.
माझ्या बहिणीच्या, मेल्बाच्या पाकिटांवर लिहिलेलं असायचं:
जिथे गुलमोहर होता तिथून दोन चौक तळ्याकडे,
एक चौक वर, हिरवं फाटक.
वर म्हणजे सूर्य उगवतो तिकडे.
गुलमोहर नाही. भूकंपाच्या रात्री पडला,
का त्याच्या आधीच, यावर अजून भांडणं होतात.
एकतीस वर्षं मी टपाल वाटलं
त्या नसलेल्या झाडापासून पावलं मोजत,
आणि एकदाही चुकलो नाही.
बरं, दोनदा चुकलो.

म्हणून मेल्बाची नात यामिलेत
मांडीवर लॅपटॉप उघडून म्हणाली,
"बायार्दोआजोबा, तुम्हाला हे कळायचं नाही,"
तेव्हा मी कॉफी ओतून घेतली. म्हटलं, सांग तर.

वेबसाइट म्हणजे कागदांची चळत,
कुठल्याशा परक्या गावी, थंडगार खोलीत,
कधीच न झोपणाऱ्या यंत्रात ठेवलेली.
आजीच्या झोपाळ्यांचे फोटो तिथे, किमती तिथे,
सुतळी दातांत धरून हसणारी आजीही तिथेच.
त्या यंत्राचा पत्ता म्हणजे नुसता आकडा,
मध्ये मध्ये टिंबं, कुणाच्या बापाला पाठ होणार नाही असा.
म्हणून माणसांसाठी नाव घ्यायचं. त्याला म्हणतात डोमेन.

"आणि नावावरून आकडा सांगतं कोण?"

आधी शेजाऱ्याला विचारायचं.
शेजाऱ्याला ठाऊक नसलं तर तो जातो थेट मुळाशी.
मुळाशी बसलेल्यांना घरं माहीत नसतात, फक्त देश, गोत्रं:
शेवटी 'एनआय' आहे ना? मग निकाराग्वाचा वहीवाला गाठा.
वहीवाला म्हणतो, झोपाळेवाल्या मेल्बाची नोंद अमक्याकडे.
अमका आकडा देतो.
एवढं सगळं पापणी लवायच्या आत.

मला हसू आलं.
पाकीट आम्हीही खालच्या ओळीपासून वाचायचो, पोरी.
आधी देश, मग शहर, माणूस सर्वांत शेवटी.
आणि नव्या गल्लीत शिरलो की
औषधवाला एबेर्तो म्हणायचा, भट्टीवर विचार,
भट्टीवाली पिठाच्या हातानं पुढचं वळण दाखवायची.
पापणी लवायच्या आत नाही. पण पोचायचो.

"शेजारी ते उत्तर लक्षात ठेवतो?"
"थोडा वेळ. मग मुद्दाम विसरतो.
मधल्या काळात घर बदललं असलं तर?"

मी कप खाली ठेवला.
दोन चुकांतली दुसरी ही:
त्या बाईचं दार मला डोळे मिटून ठाऊक होतं,
म्हणून विचारलं नाही. ती महिन्यापूर्वीच गेली होती गाव सोडून.
पत्र तिच्या मुलाचं होतं, सीमेपलीकडून.
ते रिकाम्या घरात, फरशीवर, पावसाळाभर पडून राहिलं.
शेजारी विसरतो ते बरंच करतो.

"आणि यंत्रच मोडलं तर?"
"दुसऱ्या यंत्रात कागद हलवायचे, वहीतला आकडा बदलायचा.
नाव तेच राहतं."
म्हणजे गुलमोहरच की.

मग ती जरा घुटमळली. मुद्दा आता आला.
नाव विकत मिळत नसतं, आजोबा, भाड्यानं असतं.
दर वर्षी पैसे. मुदत परवा संपते.
भरले नाहीत तर काही दिवसांनी ते कुणीही उचलेल,
तिथे जुगार चालवेल, नाहीतर टायर विकेल.
आजीला जाऊन चार वर्षं झाली.
झोपाळे आता कुणी विणत नाही.
सोडून देऊ या का?

मी बिस्किटांचा डबा काढला,
कोर्दोबाच्या नोटा मोजल्या, कमी पडल्या, पुन्हा मोजल्या.
"एकदम किती वर्षांचं घेता येतं?"

ती टाइप करत होती, मध्येच थांबली.
"इथे घराचा पत्ता विचारतायत. फाटक आता निळं आहे ना?"

निळं आहे.
तू हिरवंच लिही.