तीन पावलं मागे

सोलापुरात आम्ही मोजून साडेअकरा होतो.
अर्धा मी, तेरावं न लागलेला.
दहा भरले की तेफिला. नऊच असले
तर हनोख झिराडकर, आमचे हज्जान,
सुताच्या दुकानावरच्या जिन्यात येऊन उभे राहायचे
आणि खाली साखर पेठेकडे बघायचे,
जणू त्या तेलुगु बोलणाऱ्या गर्दीतून
एखादा इस्राएल चुकून वर येईल.

मशीद म्हणायचो तिला, होती एक खोली.
शहाबादी फरशी, तिच्यातली एक कायमची हलणारी.
पश्चिमेला खिडकी, खिडकीत रेल्वेचं यार्ड,
आणि यार्डाच्या पलीकडे, बरंच पलीकडे,
यरुशलेम.

उभ्याने म्हणायची ती मुकी प्रार्थना यायची
तेव्हा सगळे तीन पावलं मागे, तीन पुढे,
पाय जुळवून, एकदम.
एकदम तेवढंच.
मग जो तो आपला निघून जायचा.

असेर आवासकर गुड्स क्लार्क,
वॅगनवरचे आकडे वाचावेत तसे झरझर वाचून मोकळे,
आणि घसा खाकरून ते सगळ्यांना कळवणार.
शिमशोन मिलच्या घडीखात्यात,
त्याचा अंगठा पानाच्या कडेवरून फिरायचा,
तुटलेला धागा शोधत.
एलोजी कंपाउंडर मध्येच मराठीत शिरायचे,
बायकोच्या गुडघ्यांचं काहीतरी बोलायचे
आणि परत हिब्रूत येताना ओळ चुकायचे.
माझे वडील डोळे मिटायचे.
ते झोपतात असं आई म्हणायची.

आणि शेवटी दाऊद वाक्रूळकर. दर शनिवारी शेवटी.
मिलचा भोंगा होऊन जायचा,
पंखा आपल्याच वाऱ्याने दमायचा,
चैतातल्या उन्हात पत्रा कडकड वाजायचा,
हज्जान पुस्तकात बोट घालून थांबलेले,
आणि दाऊद उभाच.
मी एकदा मोजली : अकरा मिनिटं.
एवढं काय मागतो हा? वडील म्हणाले,
"त्याचं त्याला."

त्या वर्षी दोघांची बदली वाडीला झाली
आणि मला तेरावं लागलं. दहावा मी.
नवी सिसीथ, तिच्यात कांजीचा वास.
चुकायच्या भीतीने मी पळत सुटलो, लवकर पोचलो,
आणि रिकाम्या वेळात दाऊदकडे बघितलं.
त्याचे ओठ हलत नव्हते.

जिन्यात गाठून विचारलं.
तो चपला शोधत होता, मान वर केली नाही.
"अक्षर येत नाही मला, बाळ.
मी पावलं ऐकतो.
असेर पाय घासतो. तुझा बाप टाच आधी टेकतो.
एलोजी हलत्या फरशीवर येतो आणि दचकतो,
वीस वर्षं दचकतोय, जागा बदलत नाही.
नऊ जण मागे सरले की मी म्हणतो,
आलो बाबा सगळे. आणि सरतो."

"पण हज्जान तर तुमच्यासाठी थांबतात!"

"होय? मी तर त्यांच्यासाठी थांबतो.
सगळे संपले तरी त्यांचं तिसरं पाऊल
मला कधी ऐकू येत नाही.
हलका माणूस आहे."
मग चपला पायात घालता घालता,
"तुझं तिसरं अर्धंच पडतं. ठीक आहे.
ओळखायला बरं."

हे मी हनोखकाकांना सांगितलं नाही.
दाऊदलाही कोणी सांगितलं नसावं.
मग कोण ठाण्याला गेलं, कोण लोदला,
कोण होटगी रोडच्या अलीकडे, दगडाखाली.
खोलीत आता सुताचे गठ्ठे असतात.

मी शनिवारी घरीच उभा राहतो, फ्रीज आणि कपाटाच्या मधे.
तीन मागे, तीन पुढे, म्हणतो ते म्हणतो.
शेवटचं पाऊल अजून अर्धंच पडतं.
ते आधीपासून तसं होतं, की दाऊदने सांगितल्यापासून,
मला ठरवता येत नाही.
मागे सरल्यावर लगेच बसत नाही.
खाली कोणाची तरी स्कूटर चालू होते, होत नाही, होते.
बायको विचारते, झालं का?
झालंय. जरा थांब.