चार चोवीस अठरा

रात्री दोन वाजता, खानापूरच्या भट्टीच्या शेडात
आम्ही अकराजण आणि एक फोन,
कौलांच्या चळतीला टेकवून ठेवलेला.
तिकडं दुपार होती. पाणी इतकं निळं
की मल्लव्वा म्हणाली, यात नीळ किती घातली असंल गं.

सातव्या लेनमध्ये आमचा निंगोजी.
निवेदकानं त्याचं नाव असं काही उच्चारलं
की आईनं विचारलं, हा कुठला?
मग त्यानं टोपी खाली ओढली, खांदे झटकले,
आणि खांदे सगळ्यांनीच ओळखले.
अकरावीपर्यंत ओल्या विटांची पाटी त्यांच्यावरच होती.

चारशे मीटर मेडली.
मी आदल्या दिवशीच समजावून ठेवलं होतं,
चार तऱ्हांनी पोहायचं, क्रम मोडायचा नाही:
आधी फुलपाखरू, मग उताणं, मग बेडूक, मग मोकळं.
भरमाकाका म्हणाले, म्हणजे आधी अवघड
आणि दमल्यावर सोपं? शहाण्यानं काढलाय खेळ.

घड्याळ माझ्या हातात. जुनंच,
बटणाचं रबर गेलेलं.
मातीच्या खाणीत हा या काठापासून त्या काठापर्यंत
आणि मी शेवरीच्या खुंटाशी उभी, किती वर्षं.
तिथलं पाणी तांबडं, हात बुडाला की दिसेनासा होई.
भट्टीला माती लागली की काठ मागं सरके,
म्हणून दर साली अंतर वेगळं;
उन्हाळ्यात पाणी आटलं की मी पावलांनी मोजायची
आणि मग ठरवायची, पोरगा हळू झाला की खाण मोठी झाली.

फुलपाखरात सहावा.
उताण्यात चौथा.
दोनशेच्या भिंतीशी तो जरा लवकर वळला
असं मला वाटलं. एवढंसं.
झोपेत माणूस कूस बदलतो तेवढं.
कुणी काही बोललं नाही, म्हणून मीही नाही.

बेडकात तिसरा!
हिरेमठ मालक बाकावर चढले,
बंद, बंद, म्हणून ओरडायला लागले.
कानडीत त्याचा अर्थ आला, आला.
मराठीत काय, ते त्या वेळी
कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

भिंतीला हात. मी बटण दाबलं.
चार चोवीस अठरा.
आई तोपर्यंत बाहेर, पाठ करून उभी.
तिसरा आला गं, आत ये, म्हणेपर्यंत
पडद्यावर सात नावांपुढं आकडे
आणि त्याच्यापुढं तीन अक्षरं.

मलाच सांगावं लागलं.
उताणं संपवताना हात लागायचा तो पाठीवर असतानाच.
याचा लागला तेव्हा हा पाठीवर नव्हता
आणि छातीवरही पुरता आला नव्हता.
मग कशावर होता? मल्लव्वानं विचारलं.
कुणीतरी फोन पालथा घातला.

मला आठवत राहिली ती पुढची दोनशे मीटर.
चूक मागं भिंतीशी राहून गेलेली,
आणि हा तिच्यापासून लांब लांब,
एकाला, दोघांना मागं टाकत,
फेफडी फाटेस्तोवर.

पाचला त्याचा फोन.
रडला नाही. म्हणाला, ताई, तुझ्या घड्याळात किती?
सांगितलं.
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज, तिकडचा का इकडचा.
मग म्हणाला, तार नव्हती गं वर.
खाणीवरून विजेची तार जाते. उताणा असला
की तिच्याकडं बघत सरळ राहायचा तो.
तार मागं गेली की तीन हात, मग काठ.

सकाळी साच्यातून कौलं निघाली, ओली, साबणासारखी.
एकाच्या पोटाला, मालकाच्या छाप्याखाली,
मी खिळ्यानं आकडा ओढला.
मल्लव्वानं बघितलं. खोट हाय, बाजूला काढू?
म्हटलं, राहू दे, भाजल्यावर दिसणार नाही.
दिसतो. चांगला दिसतो.

गुरुवारी ट्रक लोंढ्याकडं गेला.
कुठल्यातरी घरावर ते चढलं असेल एव्हाना.
खाली कुणी उताणं पडलं, झोप येत नसली,
तर वाचेल.