अंदाजाचा रकाना

बाईंनी यंत्र आणलं ते चपलेच्या खोक्यातून.
वर छापलेलं : साईज आठ, जोड एक.
मी प्रयोगशाळेचा शिपाई,
सव्वीस वर्षं परीक्षानळ्या धुतोय,
मला वाटलं बिघडलेला रेडिओ असंल.
बटण दाबलं. टक्.
मग काहीच नाही.
मग टक् टक्,
भिंतीवरच्या पालीला काहीतरी आठवावं तसं.

"किरण मोजतंय हे," मगदूम बाई म्हणाल्या.
माझ्या हातातलं चंचुपात्र तिथंच थांबलं.
हा शब्द मला मिरजेत भेटलेला,
तळघरात, जाड दरवाजामागं.
शालनच्या गळ्यावर जांभळ्या शाईच्या खुणा,
तेहतीस शेक,
आणि परतीच्या एस्टीत तिचं कपाळ खिडकीच्या गजाला.

बाईंनी फळ्यावर काही लिहिलंच नाही.
नववी बच्या पोरांना दहा-दहा फुटाणे वाटले :
आधी आकडा सांगा, मग मोजा,
चुकला त्यानं फुटाणे द्यायचे.
झालं. शाळा निघाली कोल्हापूरभर जुगार खेळत.

देवळामागचा काळा दगड : मिनिटाला चौदा.
"एवढा काळा आणि चौदाच?" रेहाना मुजावर खट्टू झाली.
तालमीतली तांबडी माती : अठरा.
वस्ताद म्हणाले, यंत्र लांब धरा,
हौद्यात पायताण न्हाई चालत.
(बाई अनवाणी उतरल्या. पुन्हा अठरा.)
धैर्यशीलच्या घरचा नवा ग्रॅनाईटचा ओटा : एकतीस,
त्याच्या आईनं भाकरीचं पीठ दोन बोटं मागं ओढलं.
रंकाळ्यावर नावेत बसून मधोमध गेलो
तर आकडा उतरला नवावर.
"पाणी जमिनीला झाकतं," बाई एवढंच बोलल्या,
"उरलेलं वरनं येतंय."
सगळ्यांनी वर बघितलं.
वर एक घार होती, बाकी ऊन.

आणि सगळ्यात जास्त कुठं?
माझ्या डब्यात.
बीपीसाठी डॉक्टरांनी दिलेलं ते कमी सोडियमचं मीठ,
त्याच्यावर नळी धरली
आणि यंत्र भाजीतल्या मोहरीसारखं तडतडलं.
पोरं हसली. मी डबा झाकला.
"खावा निवांत," बाई म्हणाल्या, "केळ्यात हाय तेच हाय ते.
तुमच्या-माझ्या अंगातबी हाय,
सेकंदाला हजारो वेळा.
ह्या यंत्राचा कान तेवढा तिखट न्हाई, म्हणून गप्प."

एकाच जागी तीनदा मोजलं :
तेरा, सतरा, अकरा.
रेहानानं विचारलं, ह्यातला खरा कुठला?
बाईंनी फुटाणा तोंडात टाकला.
"तिन्ही."
मला ते पटायला रस्ता संपला, बिंदू चौक आला,
तरी पुरतं पटलं नाही.

शनिवारी मी यंत्र मागून घेतलं.
धुऊन-पुसून ठेवतो म्हटलं.
बाईंनी ओळखलं असंल, काही बोलल्या नाहीत.
वहीचं एक कोरं पान फाडून दिलं,
जागा, अंदाज, आकडा, असे तीन रकाने आखलेलं.

रात्री खाटेवर, तिच्या बाजूला, यंत्र ठेवलं.
दिवा घालवला.
कुत्री भुंकायची थांबल्यावर ऐकू आलं.
टक्.
बराच वेळ काही नाही.
टक् टक्.
ट्रंकेतल्या लुगड्यात ठेवलं : सोळा.
मोरीच्या कट्ट्यावर : पंधरा.
खाटेवर पुन्हा, पूर्ण मिनिट, श्वास धरून : पंधरा.
मिरजेतला तो किरण आणि हा
एकाच घराण्यातले, बाई म्हणतात,
तो हुकमानं बोलावलेला, हा आधीपासनं राहायलाच.
आमच्या लग्नाच्या आधीपासनं.
कोल्हापूरच्या आधीपासनं.
ती असताना पंधरा, ती नसताना पंधरा,
ह्याचा राग धरायचा का आधार, ते काही कळंना.
पहाटेपर्यंत मोजत बसलो.
एकदा बावीस आले, उठून बसलो.
पुढच्या मिनिटाला बारा.

सोमवारी कागद बाईंना दिला.
जागेच्या रकान्यात नुसतं "घर".
अंदाजाच्या रकान्यात मी शून्य लिहिलेलं.

त्यांनी बघितलं,
हात पुढं केला,
आणि माझे सगळे फुटाणे मोजून घेतले.