एक वीत, चार बोटं

स्क्रीनवर आलं: इंदूर ते टोरांटो,
बारा हजार दोनशे किलोमीटर,
दिल्लीतलं थांबणं धरून साडेएकवीस तास.
अप्पांना पटेना.
चाळीस वर्षं धरमकाट्यावर ट्रक तोललेला माणूस,
दुसऱ्याचा आकडा वहीत घेत नाही.

बोळियांच्या मुलीचा पृथ्वीगोल मागून आणला,
शेवेच्या पुड्याचा दोरा सोडवून ताणला,
टोकाला शाईची खूण केली.
एक वीत, चार बोटं.
दोरा समुद्राकडे वळलाच नाही,
वर वर सरकत बर्फावरून गेला.
"इथं कोण राहतं गं?"
कुणी नाही, म्हटलं.
"म्हणजे चहाचीही सोय नाही."

मग घड्याळ.
वीजबिलाच्या पाठीवर बराच वेळ वजाबाकी.
"तुला साडेनऊ तास फुकट मिळाले की!
परत येताना भरावे लागतात का?"
मी बॅगेची चेन लावत होते.
ती तिथंच अडकली.

बिजासनच्या टेकडीपाशी रिक्षा वळली तेव्हा म्हणाले,
आपला विमानतळ फारच जवळ आहे.
एवढंच.

डिसेंबरात पार्सल आलं. जिरावण.
पुडीला तोच दोरा, शाईची खूण फिकट.
पुडीभोवतीच बोटं फिरवत मोजला:
एक वीत, जेमतेम दोन बोटं.
दीडेक हजार किलोमीटर
गाठ मारण्यात गेले होते.

बाहेर बर्फ. इथं लोक राहतात, अप्पा.
चहाही मिळतो, बरा असतो.

गाठ सोडली नाही.
पुडी खालून फाडली.