काठ

कॅनडा कॉर्नरकडून शरणपूरकडे उतरताना
झेरॉक्सवाल्याच्या जिन्याखाली जेवढी जागा उरते
तेवढं माझं दुकान.
पाटीवर नाव नाही. फॉल, पिको, हातशिलाई, एवढंच.

सकाळी कुलूप काढते, मशीनला तेलाचे दोन थेंब देते
आणि म्हणते, प्रभू, आज हे पाय तुझे.
पाय म्हणजे पायडल मारणारे.
गुडघे टेकायला इथे जागा नाही,
टेकले तर अर्धी मी रिक्षांच्या रांगेत येईन.
तेव्हा बसल्या बसल्याच.

फॉल कुणाला दिसत नाही.
साडी नेसली की तो आत, पावलांच्या बाजूला.
उंबऱ्याचा घासा, पायऱ्यांचा चिखल, सगळं आधी त्याला.
गिऱ्हाईक रंग जुळवतं, भाव करतं,
टाके मोजत नाही कुणी.

रविवारच्या शाळेत येसुदास मास्तर गोष्ट सांगायचे :
बारा वर्षं दुखणं अंगावर काढलेली बाई
गर्दीत मागून आली, वाकली,
त्याच्या वस्त्राच्या काठाला शिवली.
मी समजले, सुई-दोऱ्यानं.
उसवला असेल काठ, गावोगाव चालून चालून,
एवढ्या माणसांत हिला एकटीलाच दिसला.
वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत.
घरी सांगितलं तर वडील म्हणाले,
आपल्या पणज्याला कोणी शिवत नव्हतं,
तू शिवणार असलीस तर नीट शिव.

आणि मग हा गेला शनिवार.
लगीनसराई, अकरा साड्या, पाठीत कळ,
शेवटची हौसाबाईची.
मखमलाबाद नाक्यावर मेथी विकते ती.
भाचीच्या हळदीला नेसायची पिवळी, सिंथेटिक, साधीच.
मी बोटबोटभर लांब टाके टाकले.
पैसे घेतले पुरे.

रविवारी पाळकसाहेब तेच म्हणाले जे नेहमी म्हणतात :
पूर्ण मनानं, पूर्ण जिवानं.
मला ते नेहमी मोठ्या माणसांचं वाटायचं,
घरदार सोडून दूरच्या दवाखान्यात सेवेला गेलेल्या
आमच्या करुणा सिस्टरसारख्यांचं.
माझं मन कधी पूर्ण असतंच कुठे?
थोडं कुकरपाशी, थोडं लेकाच्या हप्त्यापाशी,
थोडं शांतवनच्या कबरीवर, जिथे अजून फरशी बसवायची आहे.

प्रभुभोजनाला हात पुढे केला
तर मनगटाला चिकटलेला पिवळा धागा.
भाकर तळहातावर आली
आणि मला गिळवेना.
म्हणजे गिळली. पण अडकली कुठेतरी.

गीत संपायच्या आत बाहेर पडले.
बायकांना वाटलं, चक्कर आली असेल.
हौसाबाईला म्हटलं, साडी दे, उसवायची आहे.
ती हसली. अगं, आत कोण बघतंय?
मला उत्तर आलं नाही.
तिने पोराला घरी पिटाळून साडी मागवली,
मी तिच्या रिकाम्या क्रेटवर बसले
चर्चच्या कपड्यांत,
शेजारी कांद्याचा ढीग, पलीकडे कुत्रं, वर ऊन.
एकेक टाका काढला.
मग बारीक, वरून एकच धागा उचलत,
तांदळाएवढे.
नाक्यावरची माणसं बघून जात होती.
एकानं विचारलं, रेट काय?

प्रार्थना म्हटली नाही. सुचलीच नाही.
ऊन कलताना निऱ्यांच्या कोपऱ्याशी आले,
तिथे फॉल दुमडतो, सुई जड जाते,
तिथे वाकले
आणि काठाला शिवले.

हौसाबाईनं चार जुड्या पिशवीत कोंबल्या,
वेडी आहेस म्हणाली.
मेथी जून होती थोडी.
रात्री निवडून केली, लसूण जास्त घालून.