उपाशीपोटी आणि जेवणानंतर

मंगळवारी तिकीट स्वस्त, म्हणून मंगळवारी जाते.
सव्वाबाराचा खेळ, सातारा रोडला,
सकाळच्या नळ्या लॅबमध्ये पोचवून, हात दोनदा धुऊन.
शेजारच्या खुर्चीत नफिसा, नाहीतर माझी पर्स.
परीक्षण वगैरे मला येत नाही.
मला रक्त कळतं.

तर तो कुऱ्हाडवाला सिनेमा,
ज्याच्या पोस्टरवर पोरांनी दुधाच्या पिशव्या फोडल्या,
त्यातलं रक्त साफ चुकलंय.
एवढं लाल नसतं ते. शिरेतलं तर काळपट,
आणि सांडलं की थोड्या वेळात कडेकडेने तपकिरी व्हायला लागतं.
हिरो तीन तास तसाच ताजा, ओला.
बावीस वर्षं सुया टोचतेय मी,
पाच मिली द्यायचं तर माणसांना देव आठवतो,
आणि हा बादल्या सांडून वर नाचतो.
नफिसा म्हणाली, डोकं घरी ठेवून यायचं गं.
डोकं ठेवलं असतं. डोळ्यांचं काय करू?

लंडनमधलं लग्नही पाहिलं.
घर एवढं मोठं
की आईची हाक मुलापर्यंत पोचेस्तोवर सीन बदलतो.
कामाला कुणी जात नाही. कुणाला सर्दीसुद्धा नाही.
मोठ्या बहिणीची लिंबू रंगाची साडी मात्र
लक्ष्मी रोडला मी अजून शोधतेय.

मराठीही बघितला, उगाच कुणी नावं ठेवायला नको.
थेटरात बाराजण, त्यातले दोघे एसीसाठी आलेले.
बाप-लेकीची गोष्ट. बाप जातो तेव्हा
व्हायोलिन एवढं मोठ्याने, की मला रडायला जागाच उरली नाही.
पण त्याच्या बऱ्याच आधी तो एकदा चष्मा शोधतो,
फ्रीजवर, उशीखाली,
लेक आणून हातात देते,
आणि तो घालत नाही. खिशात ठेवतो.
तिथे आवंढा आला.
सहा सेकंद असतील. करणाऱ्याच्या लक्षातही नसतील.

हे सगळं मी सबनीस काकांना सांगते.
सदाशिव पेठ, दुसरा मजला, बेल एकदाच वाजवावी.
महिन्यातून एक बुधवार.
त्यांना सुई बघवत नाही. दंडाला पट्टा आवळला
की भिंतीकडे तोंड करून विचारतात, "काल काय बघितलंस?"
उपाशीपोटी पूर्वार्ध.
मग त्यांचं वरण-पोळीचं मध्यंतर,
आणि दोन तासांनी जेवणानंतरचं रक्त घ्यायला परत जाते,
तेव्हा उत्तरार्ध.

मागे एका भुताच्या सिनेमात मी मध्यंतरानंतर झोपले.
पहाटे पाचला उठलेली बाई, वर एसी, वर अंधार.
पण नळी अर्धी भरली होती आणि काका ताटकळले होते.
मग मीच रचलं:
भूत लिफ्टमध्ये अडकलेलं असतं,
त्याला फक्त खाली सोसायटीच्या मीटिंगला जायचं असतं,
चौदा वर्षांचा मेंटेनन्स थकलाय, तेवढा भरायचाय.
लोक लिफ्टला नारळ फोडतात, दार कुणी धरत नाही.
शेवटी तिसऱ्या मजल्यावरची एक पोरगी
दप्तर अडकवून दार उघडं ठेवते.
"मग, जातं का ते?"
"जातं."
सुई निघाली होती. त्यांना कळलंच नाही.

पुढच्या खेपेला त्यांची मुलगी आली होती बाणेरहून.
तिने तोच सिनेमा पाहिलेला.
लिफ्टबिफ्ट काही नाही म्हणाली, जुनी विहीर आहे,
मांत्रिक आहे, आणि शेवट दुसऱ्या भागासाठी लटकत ठेवलाय.
मी नळीवर नाव लिहीत राहिले. सबनीस, हे एवढंच,
दोनदा गिरवलं.
काकांनी कोपर दुमडून कापूस धरून ठेवला
आणि तिच्याकडे न बघता मला म्हणाले,
"हिला लहानपणापासून सिनेमा कळत नाही."

साखर एकशे अठ्ठेचाळीस, थोडी वाढलीय.
बाकीची गोष्ट अकराला.